एकच दुःख, चार उपचार

१. दोन प्रश्न

घरातल्या कुणाला डॉक्टरांनी 'थेरपी घेऊन बघा' असे सुचवले, की दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला वडीलधारी मंडळी विचारतात: नुसते बोलून काय होणार? दुसरा तरुण मंडळी विचारतात, कारण मोबाइलवर त्यांची बरीच नावे वाचून झालेली असतात: सीबीटी घ्यावी, आरईबीटी घ्यावी, ईएमडीआर, की माइंडफुलनेस? पहिल्या प्रश्नात अविश्वास आहे. दुसऱ्यात विश्वास जरा जास्तच आहे. नेमके नाव सापडले की अर्धे काम झाले, असे त्यात गृहीत धरलेले असते. दोन्ही प्रश्नांना गेल्या पाऊणशे वर्षांच्या संशोधनाने बऱ्यापैकी स्पष्ट उत्तरे दिली आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. थोडक्यात सांगायचे तर, बोलण्यावर आधारलेल्या उपचारांनी फरक पडतो. उदासीसारख्या त्रासात पद्धतीच्या नावाने फारसे बिघडत नाही. भीतीशी संबंधित त्रासात मात्र पद्धत चुकली, तर वर्षे वाया जाऊ शकतात. हे असे का, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

त्यासाठी एक काल्पनिक व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवू. सुनंदाबाई, वय सत्तेचाळीस, राहणार कोल्हापूर. सहा वर्षे अंथरुणाला खिळलेल्या आईचे सगळे त्यांनी केले. दोन्ही भाऊ मुंबईत, ते सणावाराला येऊन जायचे. गेल्या वर्षी आई गेली. यंदा मुलगी शिकायला पुण्याला गेली. तेव्हापासून सुनंदाबाईंना पहाटे साडेतीनला जाग येते, जेवण जात नाही, भिशीला जाणे बंद झाले आहे, फोन वाजला तरी उचलावासा वाटत नाही. 'आता मी कुणाच्याच उपयोगाची नाही' हे वाक्य मनातून हलत नाही. डॉक्टरांनी थायरॉइड आणि रक्त तपासले, सगळे ठीक निघाले. मग ते म्हणाले, हे नैराश्य आहे.

२. चार ठिकाणी चार निदाने

सुनंदाबाई पहिल्यांदा मनोविश्लेषणाच्या परंपरेतल्या थेरपिस्टकडे गेल्या, असे समजू. ही परंपरा सर्वांत जुनी. योसेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांचे हिस्टेरियावरचे पुस्तक १८९५ मध्ये निघाले, आणि भारतातही ही परंपरा लवकर पोहोचली. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि काही मुद्द्यांवर त्यांनी फ्रॉइडला ठाम विरोधही केला. या परंपरेतला थेरपिस्ट सुनंदाबाईंच्या दुःखात दडलेले दुसरे काही शोधेल. सहा वर्षे एकटीने केले, भावांनी हात लावला नाही, आणि आईच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत भावांचेच नाव. हा राग आईवर काढता येत नव्हता, आणि आता तर ती गेलीच. मग तो राग स्वतःकडे वळला असेल का? थेरपिस्ट हे तोंडावर सांगणार नाही. सुनंदाबाई स्वतः त्यापर्यंत येतील, अशी वाट पाहील आणि त्या थेरपिस्टशीही तशाच वागतात का, म्हणजे स्वतःला त्रास होत असताना समोरच्याचीच सोय पाहतात का, याकडे लक्ष ठेवेल. फ्रॉइडच्या काळी हे आठवड्यातून पाच-सहा दिवस, कित्येक महिने चाले. आज याचे वीसेक भेटींचे आटोपशीर रूपही वापरात आहे.

दुसरा थेरपिस्ट कार्ल रॉजर्स यांच्या वाटेने जाणारा. रॉजर्स अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९४० च्या दशकात एक धाडस केले: उपचाराच्या भेटी ध्वनिमुद्रित करून त्यांचे शब्दशः लेखन प्रसिद्ध केले. तोवर बंद खोलीत काय घडते, हे सांगणारा एकटा थेरपिस्टच असे. आपल्या ध्वनिमुद्रणांवरून रॉजर्स या निष्कर्षाला आले, की सल्ला आणि विश्लेषण यांपेक्षा तीन गोष्टी काम करतात. समोरच्याचे म्हणणे त्याच्या जागेवरून समजून घेणे, त्याला कोणत्याही अटीविना स्वीकारणे, आणि थेरपिस्टने मुखवटा न घालता खरे राहणे. १९५७ च्या एका लेखात तर त्यांनी असा दावा केला, की बदल घडायला एवढे आवश्यक आहे आणि एवढे पुरेसेही आहे. सुनंदाबाईंना इथे कुणी 'अहो, आता स्वतःसाठी जगा' म्हणणार नाही. त्या रडल्या, तर रडू दिले जाईल. आयुष्यभर इतरांच्या सोयीने वागलेल्या बाईला पन्नास मिनिटे पूर्ण स्वतःची मिळणे हेच किती नवे असेल, याची कल्पना करता येते.

तिसरी वाट विचारांची, आणि महाराष्ट्रात तिची ओळख सर्वांत जास्त आहे. तिचे दोन प्रवर्तक, आरन बेक आणि अल्बर्ट एलिस, दोघेही मूळचे मनोविश्लेषक. बेक यांची कथा विज्ञान कसे चालते हे दाखवणारी आहे. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, हा फ्रॉइडचा सिद्धान्त त्यांना पुराव्याने सिद्ध करायचा होता. त्यासाठी त्यांनी उदास रुग्णांची स्वप्ने तपासली. रागाच्या जागी त्यांना सापडले अपयश, नकार, हरवलेपण. म्हणजे जागेपणी रुग्ण स्वतःबद्दल जे बोलत होते, तेच. सिद्धान्ताला पुरावा मिळाला नाही, तेव्हा बेक यांनी सिद्धान्त सोडला आणि विचारांवर काम करणारी पद्धत बांधली; आजच्या सीबीटीचा पाया तोच. एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती (आजची आरईबीटी) मांडायला सुरुवात केली. डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धती आत्मसात केली आणि मराठीत रुजवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेच्या कामातही ती ठळकपणे दिसते.

बेक आणि एलिस यांच्यातला फरक एका उदाहरणाने कळेल. रविवारी मुलीचा फोन आला नाही. सुनंदाबाईंच्या मनात आले, 'तिला आता आई नकोशी झाली.' दिवसभर त्या पडून राहिल्या. घटना एक, विचार दुसरा, भावना तिसरी. आणि भावना घटनेतून थेट निघालेली नाही, मधल्या विचारातून निघाली आहे. इथवर दोघांचे एकमत. पुढे बेकचा शिष्य विचारेल: हे कशावरून? मागच्या चार रविवारी काय झाले? परीक्षा चालू असेल का? तुम्ही स्वतः फोन करून पाहिला का? म्हणजे विचार खरा की खोटा, याची पडताळणी. एलिसचा शिष्य एक पायरी पुढे जाईल. चला, मानून चालू, की मुलीला खरेच तुमची आठवण कमी येते. वाईट वाटेलच. पण 'तिने माझी आठवण काढलीच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल' हे कुठून आले? एलिसच्या मते आपल्याला बुडवतो तो हा 'च'. इच्छेची मागणी झाली, की दुःखाचे नैराश्य होते. आपल्याकडच्या मध्यमवर्गाला हा युक्तिवाद इतका पटला, याचे नवल नाही; तर्काने स्वतःला तपासावे, ही शिकवण महाराष्ट्रातल्या सुधारकी परंपरेला परकी नव्हती. त्यात एक धोकाही आहे. दुःखी माणसाला 'तुझा विचारच चुकीचा' असे नातेवाईक सांगू लागले, की पद्धतीचे हत्यार होते. ती प्रश्न विचारण्याची पद्धत आहे, वाद जिंकण्याची नाही.

चौथा थेरपिस्ट वर्तनाचा. तो सुनंदाबाईंच्या बालपणातही शिरणार नाही आणि विचारांशीही झगडणार नाही. तो एक वही देईल: दिवसाच्या दर तासाला काय केले आणि तेव्हा मन कसे होते, हे दहापैकी गुण देऊन लिहायचे. आठवड्याने वही उघडली, तर दिसते, की दिवसभर पडून असताना गुण एक-दोन, आणि बुधवारी शेजारणीला लोणच्याचा मसाला करून दिला तेव्हा चार. मग पुढच्या आठवड्यात अशा दोन गोष्टी वेळ ठरवून करायच्या, इच्छा असो वा नसो. यामागचा तर्क सरळ आहे. उदासीत माणूस कामे टाळतो, टाळल्याने आनंदाचे आणि कर्तबगारीचे क्षण आटतात, ते आटल्याने उदासी वाढते. उत्साह आला की कामाला लागू, असे आपण म्हणतो. इथे क्रम उलटा धरला आहे.

पाचवेही ठिकाण आहे, कुटुंब उपचाराचे. तिथे नवरा आणि दोन्ही भाऊ यांनाही खोलीत बोलावले जाईल आणि आजारी कोण, हाच प्रश्न नव्याने मांडला जाईल. भाऊ येतील का, हा भाग वेगळा.

३. शर्यतीत सगळेच पहिले?

एका बाईच्या एकाच दुःखाला इतकी कारणे. सगळी एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, निदान सारख्या प्रमाणात तरी नाहीत. म्हणून अपेक्षा अशी, की ज्याचे निदान बरोबर, त्याचे रुग्ण जास्त बरे व्हावेत. तसे होते का?

पहिला धक्का १९५२ मध्ये बसला. लंडनचे हान्स आयझेंक यांनी तोवरची आकडेवारी जमवून सांगितले, की सौम्य मानसिक आजार असलेले दोन-तृतीयांश रुग्ण दोन वर्षांत सुधारतात, उपचार घेवोत वा न घेवोत. नुसते बोलून काय होणार, असे विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांना यापेक्षा चांगला साक्षीदार मिळाला नसता. पण आयझेंक यांच्या तुलनेत मोठी खोट होती. उपचार घेणारे आणि न घेणारे हे दोन गट मुळात सारखे नव्हते, आणि सुधारणा कशाला म्हणायचे हेही प्रत्येक ठिकाणी वेगळे होते. बरोबर तुलना करायची, तर सारख्याच रुग्णांतून चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागतात. अशा चाचण्या नंतरच्या पंचवीस वर्षांत शेकड्यांनी झाल्या. मेरी स्मिथ आणि जीन ग्लास यांनी १९७७ मध्ये ३७५ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. उपचार घेतलेला सरासरी माणूस उपचार न घेतलेल्या शंभरांपैकी पंचाहत्तर जणांपेक्षा बऱ्या स्थितीत होता. पुढे असे लक्षात आले, की फसलेले अभ्यास बऱ्याचदा छापलेच जात नाहीत. ती तूट धरल्यावर परिणामाचा आकडा खाली आला, पण शून्यावर आला नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच हिशेबात होते आणि ते कुणालाच आवडणारे नव्हते: पद्धतीपद्धतींमध्ये फरक फारच थोडा. हे भाकीत सॉल रोझेनझ्वाइग नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्येच केले होते. 'अॅलिस इन वंडरलँड'च्या गोष्टीत एका शर्यतीनंतर डोडो पक्षी सगळ्यांनाच विजयी ठरवतो. थेरपीचेही तसेच होणार, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा अंदाज होता, की सर्व पद्धतींमध्ये न सांगितलेले काही समान घटक असावेत. ते कोणते, याची आज बऱ्यापैकी कल्पना आहे. विश्वास ठेवावा असा माणूस. आपल्या त्रासाचे पटेल असे स्पष्टीकरण. त्या स्पष्टीकरणाला साजेसे करायचे काहीतरी ठोस काम. आणि हे करून फरक पडेल, ही आशा.

आणखी एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नील जेकबसन यांनी १९९६ मध्ये बेक यांची उपचारपद्धती सुटी करून पाहिली. नैराश्याच्या दीडशे रुग्णांचे तीन गट पाडले. पहिल्याला फक्त वहीचा, म्हणजे वर्तनाचा भाग दिला. दुसऱ्याला त्यासोबत रोजच्या विचारांची तपासणी. तिसऱ्याला संपूर्ण उपचार, त्यात मनाच्या तळाशी बसलेल्या समजुतींवरचे कामही आले. तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले, आणि दोन वर्षांनंतरच्या पाहणीतही पूर्ण उपचारवाल्यांना वेगळा लाभ दिसला नाही. विचार बदलले की माणूस बरा होतो, हे या पद्धतीचे मूळ तत्त्वच त्यामुळे डळमळले. विचारांना हातही न लावता रुग्ण बरे होत होते. उपचार लागू पडतो आणि तो का लागू पडतो याचे स्पष्टीकरण चुकलेले असते, असे वैद्यकाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. ईएमडीआरचेही तसेच दिसते. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ च्या सुमारास मांडलेल्या या पद्धतीत आघाताची आठवण काढत डोळे इकडून तिकडे फिरवायचे असतात. आघातानंतरच्या त्रासात ती उपयोगी पडते, याचे पुरावे चांगले आहेत. त्यात डोळे फिरवण्याचा वाटा किती, यावर अजून वाद आहे.

४. भीतीचा हिशेब वेगळा

मग काय, कोणतीही पद्धत घ्यावी आणि चांगला माणूस पाहावा? नैराश्यापुरते हे बरेचसे खरे आहे. पण सरासरी काढताना सगळे आजार एका हिशेबात टाकले, की काही महत्त्वाचे फरक बुजून जातात. लिफ्टची भीती, गर्दीत छाती धडधडून वाटणारी दहशत, आणि हात पुन्हा पुन्हा धुवायला लावणारा मंत्रचळ (ओसीडी) हे त्यांतले मुख्य. इथे समजूत, आस्था, बालपणाचा शोध यांनी मन हलके होईल, पण भीती तिथेच राहते.

कारण भीतीला पोसणारी गोष्ट टाळाटाळ ही आहे. कुलूप लागले का ही शंका आली, परत जाऊन पाहिले, जीव शांत झाला. हा शांतपणाच पुढच्या शंकेला बळ देतो. पाहिले म्हणून वाचलो, असे मन शिकते. न पाहता काय झाले असते, हे त्याला कधी कळतच नाही. उपाय एकच, भीतीच्या गोष्टीजवळ पायरीपायरीने जायचे आणि सुटकेची कृती करायची नाही. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली. तो खाऊ खात असताना पिंजरा रोज थोडा जवळ आणत गेल्या. शेवटी मुलगा सशाला कुरवाळू लागला. लंडनच्या व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये ओसीडीच्या रुग्णांवर हेच तत्त्व वापरले: ज्याची किळस वाटते त्याला हात लावायचा आणि धुवायचे नाही. तोवर हा आजार जवळजवळ असाध्य मानला जाई. हे पोहायला शिकण्यासारखे आहे. गावाकडे मुलाला विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात, शिकवणारा स्वतः पाण्यात उतरतो आणि दिवसेंदिवस आधार कमी करत जातो. काठावर बसून पाण्याबद्दल कितीही बोलले, तरी पोहणे येत नाही. ओसीडीचा रुग्ण दोन वर्षे नुसता बोलतच असेल, तर तो काठावरच आहे, मग थेरपिस्ट कितीही मायाळू असो.

पद्धत चुकल्याने अपायही होऊ शकतो. अपघात किंवा आपत्तीनंतर लगेच, एकाच बैठकीत, प्रत्येकाला घडलेले सविस्तर बोलायला लावायचे, अशी रीत १९८० आणि ९० च्या दशकांत जगभर पसरली होती. साठलेले बाहेर काढले की मोकळे होते, ही सर्वांना पटणारी समजूत त्यामागे होती. २००२ मध्ये या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. या एका बैठकीने पुढचा त्रास टळत नाही, आणि काही चाचण्यांत तर बोलायला लावलेल्यांचा त्रास वाढलेलाच दिसला. दुर्घटनेनंतरच्या पहिल्या दिवसांत माणसाला निवारा, झोप, आपली माणसे आणि खात्रीची माहिती लागते. बोलायचे असेल, तर ऐकणारा हवा. खोदून विचारणारा नको.

५. गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत

समान घटकांचा मुद्दा खरा असेल, तर त्यातून एक विलक्षण गोष्ट निघते: साधा, नेमका उपचार द्यायला दहा वर्षांचे शिक्षण लागू नये. याची कसोटी गोव्यात लागली. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या 'संगत' या संस्थेने तिथल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले गेले. दोन्ही गटांना नेहमीची, थोडी सुधारलेली वैद्यकीय सेवा मिळाली. एका गटाला त्याशिवाय सहा ते आठ भेटी मिळाल्या, आणि त्या देणारे होते मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेले स्थानिक लोक. त्यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिले होते. उपचार म्हणजे मुख्यतः सुनंदाबाईंच्या चौथ्या थेरपिस्टची वहीच: काय टाळता आहात, काय पुन्हा सुरू करता येईल, त्यात अडचण कोणती. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या पातळीखाली आले होते; दुसऱ्या गटातले ३९ टक्के.

या आकड्यांतला मधला पंचवीस टक्क्यांचा फरक हा उपचाराचा खरा वाटा. उरलेले ३९ टक्के, आयझेंक म्हणत होते तसे, उपचाराच्या या जादा भागाशिवाय सुधारले. आणि ३६ टक्के उपचार मिळूनही सुधारले नाहीत, हेही विसरायचे नाही. आणखी एक बारकावा बातम्यांतून सुटून जातो. या समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित होत, आणि सहकारी त्या ऐकून एकमेकांना गुण देत. म्हणजे 'कुणीही करू शकते' हा अर्थ त्यातून निघत नाही. पदवी कमी चालते, देखरेख कमी चालत नाही. झिंबाब्वेत डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसणाऱ्या आज्यांकडून असेच काम करून घेतले आणि तिथेही परिणाम दिसला.

आपल्यासाठी याचे महत्त्व मोठे आहे. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या पाहणीत (महाराष्ट्र त्यात नव्हता) प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. सीबीटी बरी की आरईबीटी, ही चर्चा अशा देशात जरा चैनीची वाटते.

६. काही आक्षेप

एक आक्षेप असा: समान घटकच काम करतात, तर जिवाभावाची मैत्रीण काय वाईट? मैत्रीण वाईट नाहीच. तिच्याशी बोलल्याने पुष्कळांचे भागते आणि त्यांना थेरपीची गरज पडत नाही. पण आपल्याला बरे वाटावे, असे मैत्रिणीला वाटते, म्हणून ती धीर देते. ओसीडीच्या रुग्णाला 'कुलूप लागलंय गं, काळजी करू नकोस' हा धीर म्हणजे पुन्हा तीच सुटका. शिवाय मैत्रीत देवाणघेवाण असते. सुनंदाबाई मैत्रिणीसमोर पाच मिनिटांत तिचीच विचारपूस करू लागतील. नात्याबाहेरच्या माणसाकडे जाण्याचा अर्थ इथे आहे.

दुसरा आक्षेप, हे सगळे पाश्चात्त्यांचे आहे. आपल्याकडे ध्यान आहे, सत्संग आहे, विपश्यना आहे. ध्यानाच्या बाबतीत पुरावा आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूने आहे, पण अर्धाच. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयात बौद्ध ध्यानातून घेतलेला काही आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, आणि पुढे त्याला सीबीटीची जोड देऊन नैराश्य उलटू नये म्हणून एक उपचार तयार झाला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेले होते, त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. ज्यांना दोनच झटके आले होते, त्यांना काहीच लाभ दिसला नाही. शिवाय हे सगळे त्या वेळी बरे असलेले लोक होते. म्हणून ऐन नैराश्यात असलेल्या माणसाला इगतपुरीच्या विपश्यनेच्या दहा दिवसांच्या मौन शिबिराला धाडणे हा त्या पुराव्याचा अर्थ नव्हे. गंभीर मानसिक त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. पद्धत पूर्वेची की पश्चिमेची, यापेक्षा कुणाला, केव्हा, हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. तीव्र नैराश्यात गोळ्या आणि थेरपी दोन्ही मिळून एकट्या कशापेक्षाही बरे काम करतात. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारात औषध हाच पाया आहे. थेरपी त्याच्या जोडीला येते, जागेवर येत नाही. 'औषधाविना मुळापासून बरे करू' म्हणणाऱ्याकडे या दोन आजारांचा रुग्ण नेऊ नये.

आणि आजार नसताना, फक्त स्वतःला समजून घ्यायला, स्वतःच्या वाढीसाठी थेरपी घ्यावी का? घ्यावी वाटली, तर जरूर घ्यावी. रॉजर्स यांचा किंवा मनोविश्लेषणाचा मार्ग इथे खुलतो. नात्यांमध्ये आपण पुन्हा पुन्हा एकाच खड्ड्यात का पडतो, हे वहीतल्या गुणांतून कळत नाही. मात्र या क्षेत्रात मोजमाप कठीण आहे, आणि जिथे मोजमाप कठीण, तिथे बाजार लवकर भरतो. दोन दिवसांत बालपणीच्या जखमा भरून देणारी महागडी शिबिरे, गर्दीसमोर रडायला लावणारे प्रशिक्षक, मागच्या जन्मात नेणारे तज्ज्ञ यांच्याकडे प्रशस्तिपत्रे भरपूर असतात. चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी मागितली, तर विषय बदलतो.

७. पहिल्या चार भेटींत

सुनंदाबाईंनी मग कुठे जावे? त्यांना झेपेल अशा अंतरावर आणि खर्चात जो जबाबदार माणूस आहे, त्याच्याकडे. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि औषध देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र अजूनही बरेच जण छोट्याशा अभ्यासक्रमानंतर लावतात, म्हणून शिक्षण कुठे झाले आणि कुणाच्या देखरेखीखाली काम करता, हे विचारण्यात संकोच नसावा. पहिल्या दोन भेटींत त्रासाचे काही स्पष्टीकरण मिळायला हवे आणि ते आपल्याला पटायला हवे. न पटल्यास तसे म्हणता यायला हवे. ते ऐकून थेरपिस्ट चिडला, तर माहिती मिळालीच. चौथ्या भेटीपर्यंत दोन भेटींच्या मधल्या दिवसांत काही वेगळे घडू लागले पाहिजे: एखादा फोन, एखादे टाळलेले काम. दर भेटीच्या सुरुवातीला लक्षणांचे गुण लिहिणारा थेरपिस्ट मिळाला, तर उत्तम, कारण रुग्ण खालावतो आहे हे थेरपिस्टच्या नुसत्या अंदाजातून बऱ्याचदा निसटते. आठ-दहा भेटींनंतर वहीतले आकडे जागचे हलले नसतील, तर पद्धत, माणूस किंवा निदान यांपैकी एक बदलण्याविषयी उघड बोलावे. थेरपिस्ट बदलणे म्हणजे त्याचा अपमान नव्हे, आणि रुग्णाचे अपयश तर नव्हेच.

एकाच परिस्थितीत ही सगळी पारख बाजूला ठेवायची. मरणाचे विचार येत असतील, त्याची तयारी मनात चालू असेल, खाणेपिणे पूर्ण सुटले असेल किंवा नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर थेरपी निवडत बसायचे नाही. त्याच दिवशी जवळच्या सरकारी किंवा खासगी रुग्णालयात घरच्या कुणालातरी सोबत घेऊन जायचे. वाटेत किंवा रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचे असेल, तर केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली मानस' सेवा आहे. क्रमांक १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येते.